घोड्याच्या दगडाचे तात्या

निघोजे गावात शिरताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक फ्लेक्स आहे. उन्हाने त्याचा लाल रंग गुलाबी झाला आहे आणि फोन नंबरवर एका पाणी-टँकरवाल्याचं स्टिकर चिकटलं आहे. वरचा मजकूर अजून वाचता येतो. 'जमीन, प्लॉट, फ्लॅट, खोल्या. विकत व भाड्याने. चाकणचा किल्ला पाहणे असल्यास विचारावे.'

चाकणच्या पट्ट्यात जागांचे एजंट पुष्कळ आहेत. चहाच्या टपरीवर चार माणसं बसली असतील, तर त्यातला निदान एक तरी 'जागेचं बघतो' असं सांगतो. पण पाटीवर ती शेवटची ओळ लिहिणारा एकच होता. त्याला सगळे रघुतात्या म्हणत. तात्या गेले, त्यालाही आता काही काळ झाला.

आमच्या दैनिकाची घरांविषयीची एक पुरवणी निघत असे. तिच्यासाठी चाकण भागातल्या घरांच्या किमतींवर लिहायचं म्हणून मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. पुतण्याच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांचं ऑफिस होतं. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी आणि कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा. रिकाम्या फ्लॅटांच्या त्या किल्ल्या. ते चालू लागले की बैलगाडी आल्यासारखा आवाज व्हायचा.

मी भाव विचारले. त्यांनी उलट विचारलं, "तुमी कुठं राहता?"

मी मोशीतल्या माझ्या सोसायटीचं इंग्रजी नाव सांगितलं.

"तसलं नगा सांगू. वावराचं नाव सांगा."

"कसलं वावर?"

"बिल्डिंग कशात उभी हाय मग? हवंत?" ते म्हणाले आणि पुतण्याला हाक मारली, "पोरा, दोन चहा सांग. साहेबांचा पत्ता हरवलाय."

ते इमारतींना शेतांच्याच नावाने ओळखत. सिल्व्हर, ग्रीन, रॉयल असल्या नावांची त्यांची नेहमी गल्लत व्हायची, पण बोरीची ताल, चिंचेचा मळा, लांबट्या, कुंभारखाण ही नावं चुकत नसत. गिऱ्हाइकाला घेऊन ते कधी थेट फ्लॅटवर जात नसत. आधी स्कूटरवरून त्या जागेभोवती एक फेरी. ही जुनी शीव, इथून ओढा जायचा, ही पायवाट पुढे चाकणच्या बाजाराला. त्याला ते 'जागेची गाठ घालून देणं' म्हणत. गिऱ्हाईक बहुधा शिफ्ट करून आलेलं असे. त्याला पार्किंग आणि पाण्याची वेळ एवढंच हवं असे. तो जांभया देत मागे बसून राही.

तात्या सांगत तो इतिहास बराचसा ऐकीव होता आणि तो ऐकणाऱ्यानुसार बदलत असे. चाकणच्या भुईकोटाला मोगलांनी घातलेला वेढा हा त्यांचा आवडता विषय. एकदा बीडच्या एका जोडप्याला ते किल्ल्याच्या उरल्यासुरल्या बुरुजाजवळ उभे राहून वेढा सांगत होते. मागच्या वेळी माझ्यासमोर सांगितला होता, त्यापेक्षा तो बराच लांबला होता. मी नंतर तसं म्हणालो.

"मागल्या टायमाला वन बीएचकेचं गिऱ्हाईक हुतं," तात्या म्हणाले. "ह्यास्नी टू बीएचके पायजे."

त्यांची स्वतःची जमीन फारशी उरली नव्हती. काही कंपन्यांसाठी संपादनात गेली होती, काही त्यांनीच विकली होती. त्याबद्दल ते कुणाला दोष देत नसत. "पोटाला लागत हुतं, इकली," एवढंच. मात्र विकलेल्या जमिनीवरूनही ते रोज जात. कुंपण पडलं की वॉचमनला विचारून आत शिरत. वॉचमन बदलला की ओळख नव्याने करून घेत. एका कंपनीच्या गेटवर नव्या पोराने त्यांना अडवलं, "कुणाला भेटायचंय?" तात्या म्हणाले, "आंब्याला." आत कँटीनच्या मागे त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड होतं. पोराने रजिस्टरमध्ये 'श्री. आंबे' असं लिहून त्यांना सोडलं.

या सगळ्या फेऱ्यांमध्ये एक मुक्काम ठरलेला होता. गावाच्या पूर्वेला त्यांच्या चुलतभावाच्या, बबनच्या शेताच्या बांधावर कमरेएवढा एक दगड अर्धा गाडलेला उभा होता. गावात त्याला 'घोड्याचा दगड' म्हणत. तो वीरगळ होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पूर्वी असे कोरीव दगड उभे करत, ते या मुलखात पुष्कळ गावांना आहेत. कुणाच्या नावाचा, हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याची पूजा कधी कुणी केली नव्हती. गुरं त्याला अंग घाशीत आणि तात्यांच्या पिढीतली सगळी माणसं लहानपणी त्याच्यावर बसली होती.

तिथे पोचल्यावर तात्या स्कूटरच्या डिकीतून पाण्याची बाटली काढत आणि दगडावर ओतत. कोरड्या दगडावर काही दिसत नसे. पाणी पडलं की तेवढ्यापुरतं कोरीव काम वर येई. खालच्या चौकटीत घोडा, भाला घेतलेला माणूस आणि आडवा पडलेला तोच माणूस. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही हातांना धरून नेणाऱ्या अप्सरा. वर महादेवाची पिंड, तिच्यापुढे हात जोडून बसलेला तो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तात्या तर्जनीने एकेक चौकट दाखवत. 

"खाली मेला, मधी न्हेला, वर पोचला," ते म्हणत. "बास. पुस्तक न्हाई, शाळा न्हाई. पाणी वतता आलं म्हंजी वाचता आलं."

वाळेपर्यंत ते तिथे थांबत. चित्र हळूहळू पुसट होई, मग बाटलीची टोपी लावून ते गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायला नेत. 

बबनने ते शेत विकलं. घेणारा पिंपरीकडचा बिल्डर होता. सहा इमारती, क्लब हाऊस, मुलांसाठी बाग. तात्यांना व्यवहार आधीपासून माहीत होता आणि त्यांनी तो मोडायचा प्रयत्न केला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की दगड जिथे आहे तिथे राहावा. त्याच्या मधोमध आडवी चीर होती. उपटायला गेलं तर त्याचे दोन तुकडे होणार, याची त्यांना खात्री होती. 

त्यांनी ग्रामपंचायतीत सांगितलं. एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. तिथून सभ्य भाषेत उत्तर आलं, की हा दगड संरक्षित वास्तूंमध्ये येत नाही. मग ते माझ्याकडे आले. मी फोटोग्राफर घेऊन गेलो. बातमी लागली, आतल्या पानावर, दीड बोट. फोटोत माणूस असल्याशिवाय फोटो उठत नाही, असा आमच्या फोटोग्राफरचा नियम होता. त्याने तात्यांना पुढे उभं केलं. छापलेल्या फोटोत तात्या हसताहेत, आणि त्यांच्या पायजम्याच्या मागे दगडाची एक कड दिसते आहे. त्या दगडाचा दुसरा फोटो कुणी काढल्याचं मला माहीत नाही.

"झ्याक आलाय," तात्या तेव्हा म्हणाले. "दगड लाजलाय जरा."

बिल्डरचा सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. दगड काढून बागेत मांडू, भोवती हिरवळ करू, असं तो म्हणाला. तात्यांनी चीर दाखवली. तो म्हणाला, "तात्या, तुटला तर सिमेंटने जोडून घेऊ. कळणार पण नाही."

जेसीबी येणार होता त्या दिवशी सकाळी तात्या त्याच्या आधी तिथे गेले. जाताना त्यांनी चाकणच्या बाजारातून आणलेला शेंदूर तेलात कालवून वाटीत घेतला होता. तो त्यांनी दगडाच्या माथ्यावर, चंद्रसूर्याच्याही वर, जिथे कोरीव काम नव्हतं तिथे नीट बेताने लावला. समोर नारळ फोडला, झेंडूची दोन फुलं ठेवली आणि बांधाच्या पलीकडे जाऊन बसले.

पुढचं त्यांनी मला त्याच दुपारी सांगितलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. जेसीबीचा ऑपरेटर उस्मानाबादकडचा पोरगा होता. दगडापर्यंत आला, शेंदूर बघितला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चपला काढल्या.

सुपरवायझर ओरडला, "काय झालं रे?"

"साहेब, देव हाय हितं."

"कालपर्यंत नव्हता!"

"आज हाय ना. माझी लेकरं बारकी हायेत साहेब. मला नाही जमायचं. तुमी बसा मशीनवर, मी उतरतो."

सुपरवायझर दगडापाशी आला. थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि नमस्कार केला.

"आर्ज क्येला, काय झालं न्हाई," तात्या म्हणाले. "पेपरात दिलं, काय झालं न्हाई. मूठभर शेंदूर लावला, तर त्यो हेल्मेट काढून हुबा!"

मी विचारलं, "पण आता तो शेंदूर?"

"वरच्या वरच लावलाय. चित्राला बोट लावलं न्हाई मी. बिल्डिंगी झाल्या की गोड्या तेलाचं फडकं घिऊन पुसून काढायचा. हाय काय त्यात?"

या भागात दगडावरून शेंदूर कायमचा पुसून काढल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीही ऐकलं नसावं. पण त्या दिवशी ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बिल्डरने इमारतींचा नकाशा थोडा सरकवला. क्लब हाऊस लहान झालं आणि दगडाभोवती चौथरा, चार खांब आणि कळस असलेलं छोटं देऊळ उभं राहिलं. माहितीपत्रकात त्याचा रंगीत फोटो आला, 'आपल्याच आवारात प्राचीन जागृत देवस्थान'. घोड्याचा दगड हे नाव ऐकून जाहिरातवाल्यांनी देवाला 'श्री अश्वनाथ' असं नाव दिलं. देवळाकडे तोंड असलेल्या फ्लॅटांना भाव जास्त होता आणि ते आधी गेले. त्यातले काही तात्यांनीच विकले. त्यांना लपवायचं काही नव्हतं. दगड जागच्या जागी होता, चीर वाढली नव्हती. ते येतील त्याला सांगत, "ह्याच्यामुळं जागेला जागा म्हणायचं."

लोक राहायला आले. लातूर, बीड, जळगाव, चिपळूण. कुणी कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, कुणी क्वालिटी विभागात, कुणी शाळेत शिक्षक. शनिवारी देवळात तेल आणि शेंदूर वाहू लागले. पहिल्या वर्षी तो माथ्यावरून पिंडीपर्यंत उतरला. फरशी बसवताना चौथऱ्याची उंची वाढवावी लागली आणि खालची चौकट, घोड्यासकट, संगमरवराखाली गेली. नंतर कुणीतरी नवस फेडला आणि देवाला चांदीचे डोळे आले. ते पिंडीच्या दोन बाजूंना बसवले, कारण तिथे जागा सपाट होती. अप्सरा काही दिवस फुगीर दिसत होत्या, मग त्याही दिसेनाशा झाल्या. तात्या पाण्याची बाटली घेऊन आले तर पाणी शेंदरावरून ओघळून जाई.

ते गिऱ्हाइकांना अजूनही तिथे नेत. एकदा मी बरोबर होतो. शिरूरहून आलेल्या एका तरुण मास्तरांना ते सांगू लागले, "खाली मेला..." आणि फरशीकडे बघून थांबले. मास्तर वाट पाहत होते. 

"कोण मेला?" त्यांनी विचारलं. 

"हुता एक जण," तात्या म्हणाले. "चला, फ्लॅट बघू."

अखेर त्यांनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढायचं ठरवलं. शेंदराचा थर जाड झाला की काही देवस्थानांत तो विधी करून उतरवतात, हे त्यांना माहीत होतं. तसं इथे करावं, खालची फरशी काढावी आणि मग शेंदूर फक्त माथ्याला लावावा, अशी त्यांची मागणी होती. तुम्हीही चला, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी मागच्या रांगेत बसलो.

देवळाचं सगळं मंगलताई बघत. अहमदपूरकडच्या. नवरा एका कंपनीत वेल्डर, स्वतः घरी डबे करत. तात्यांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"थर काढायला काय हरकत नाही तात्या," त्या म्हणाल्या. "देवाचंच काम हाय. पर पुन्ना लावायचा नाही, हे कशामुळं? शेंदराखाली काय हाय असं?"

"चित्र हाय. जुनं."

"कशाचं?"

"एका मानसाचं. लढाईत मेला, त्याचं."

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे समाधी आहे का ही? मयताची?" दुसरा म्हणाला, "बिल्डरने देव सांगितला होता. देव बघून फ्लॅट घेतलाय आम्ही." तिसऱ्याने हसत विचारलं, "तात्या, तुम्हीच तर विकलात ना?" बाकीचेही हसले. 

मंगलताई हसल्या नाहीत. 

"तात्या, मी खरं सांगते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आमी हितं आलो तवा आमचं कोणी नव्हतं. भाड्याच्या खोल्या किती बदलल्या, मोजल्या नाहीत. गावाकडं गेलं की गाववाले म्हणतात तुमी पुण्याचे, हितं म्हणतात तुमी बाहेरचे. ह्या देवाला पहिल्यांदा हळदकुंकू वाहिलं ना, तवा मला वाटलं, आता आपलं हितं काईतरी हाय. तुमी गाववाले. तुमीच सांगा. हा देव हाय का नाही? पहिला शेंदूर ह्याला कुणी लावला? तुमच्या वाडवडलांनीच ना?"

सगळे तात्यांकडे बघत होते. त्यांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. तोंड उघडलं होतं, शब्द आला नव्हता. मला ठाऊक होतं तो शब्द कोणता, आणि त्या खोलीत तो दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "वाडवडलांनीच."

विषय तिथेच संपला. पुढचा विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा होता.

बाहेर आल्यावर आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसलो. सेकंड शिफ्टच्या बसा गेटाबाहेर उभ्या होत्या आणि माणसं डबे घेऊन पळत होती. त्यातले बरेच जण जाता जाता देवळाच्या दिशेने हात छातीला लावून पुढे जात. तात्या ते बघत होते.

"सांगायला हवं होतंत," मी म्हणालो.

"सांगणार हुतो."

"मग?"

"तिच्या तोंडाकडं बघितलं आन् न्हाई निघालं." मग ते म्हणाले, "निस्ता दगड र्‍हायला आसता तर बिल्डिंगीच्या पायात तरी ग्येला आसता, न्हाईतर बागंत. तुकडं झालं आसतं, पर तुकड्यावर चित्र तरी दिसलं आसतं का न्हाई? आँ? सांगा की. तुमी पेपरवालं."

 

त्यानंतर त्यांचं येणं-जाणं कमी झालं. गुडघे धरले होते, स्कूटर पुतण्या चालवू लागला होता. गिऱ्हाइकं आता मोबाइलवरच फ्लॅट बघून येत आणि थेट बिल्डरच्या ऑफिसात जात. तात्यांच्या कमरेचा जुडगा हलका झाला. फोनवर ते बाकी सगळ्याबद्दल बोलत, कांद्याचा बाजार, रिंगरोड, कुणाचं वावर कुणी घेतलं. दगडाचा विषय मीही काढत नसे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते देवळाच्या वर्धापनदिनाला. सोसायटीने मांडव घातला होता, महाप्रसादासाठी मोठी पातेली चढली होती, स्पीकरवर कंपनीतल्या मुलांचं भजनी मंडळ होतं. मंगलताईंनी ठरवलं होतं की या वर्षीचा लेप गावच्या जुन्या माणसाच्या हातून व्हावा. त्या स्वतः तात्यांच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आल्या होत्या. तात्या आले. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. पुतण्याने त्यांना हाताला धरून पायऱ्या चढवल्या.

पुजाऱ्याने तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी माथ्यापासून सुरुवात केली. बोटं मोठी, जाड, पण लेप सारखा बसत होता. चांदीच्या डोळ्यांच्या भोवतीने फिरून त्यांचा तळवा खाली आला आणि मध्यावर थांबला. तिथे लेपाखाली अप्सरांची चौकट होती. त्यांनी हात थोडा उजवीकडे नेला, थोडा डावीकडे. बोटांची टोकं दाबून बघितली, मग अंगठा. पुन्हा उजवीकडे. लेप लावणं थांबलं होतं. मागे रांगेतली माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"तात्या," मंगलताई हळूच म्हणाल्या, "तिथं आधीच लई जाड झालाय. तिथं नका लावू आता."

"व्हय, व्हय."

पण हात तिथेच होता. भजन संपून दुसरं सुरू झालं. पुतण्या पुढे झाला, तेव्हा तात्यांनी तळवा उचलला. ओल्या शेंदरात त्यांच्या पाच बोटांचे खोल ठसे उमटले होते. त्यांनी ते क्षणभर पाहिले. मग वाटीत बोटं बुडवली आणि एकेक ठसा, काही उरू न देता, सारखा करून टाकला.